बारावा दात

हे लिहायचं नाही, असं अश्विनने चारदा ठरवलं होतं. चारही वेळा लॅपटॉप उघडला, दोन ओळी बडवल्या, स्वतःला शिव्या घातल्या आणि बंद केला. हा पाचवा प्रयत्न. अश्विन म्हणजे मीच, हे इथेच सांगून टाकतो, नंतर कोणी येऊन 'यात काही छुपं आहे का' विचारायला नको. पण 'मी मी' करत लिहिलं की हात आपोआप स्वतःच्या बाजूने वळतो. 'अश्विन' लिहिलं की त्याला मधूनमधून दोन कानाखाली ठेवून देता येतात. तर आता यापुढे अश्विन.

अश्विनचा बँड आहे. नाव कूलर. उन्हाळ्याचे चार महिने खडखडाट आणि उरलेले आठ महिने गच्चीवर ताडपत्रीखाली, म्हणून कूलर. गिटार अश्विनला कोणी शिकवली नाही, डिझाइन कोणी शिकवलं नाही, सगळं फोनवर पाहून. आणि पाहता पाहता त्याला एक रोग जडला: विलायती रॉक अल्बमांच्या कव्हरांमधले गुप्त संदेश. कुठे गर्दीत एकाचंच तोंड मागे वळलेलं, कुठे भिंतीवरच्या घड्याळात भलतीच वेळ, कुठलं गाणं उलटं फिरवलं की आत कोणीतरी रडतं. पॉलिटेक्निकला असताना तो आणि त्याचा रूममेट धर्मेंद्र एकेक कव्हर मोठं करून करून असं तपासायचे, जसे घरचे लोक मुलगी पाहायला गेल्यावर तिचं घर तपासतात.

हा धर्मेंद्र उमरेडचा. आता तिथेच, कोळशाचे ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. गाणी लिहावी तर त्यानेच. कूलरचं पहिलं गाणं, 'काट्यावरचा ट्रक', त्याचं. ते इंटरनेटवर चढवताना एक रकाना आला: गीतकार. अश्विनने स्वतःचं नाव टाकलं. दोन वर्षं तो सांगतोय, घाईत झालं. घाईत काही झालं नव्हतं. फोनने नाव आधीच भरून दिलं होतं आणि ते अश्विनला तिथे छान दिसलं. एवढंच.

गाणं चाललं. समाजाच्या गुणवंत सत्कारात अश्विनला शाल-श्रीफळ मिळालं, 'तरुण गीतकार' म्हणून. नारळाची चटणी झाली. शाल आईने, म्हणजे प्रेमिलाबाईंनी, पॉलिथिनसकट कपाटात ठेवली, घडी न मोडता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. धर्मेंद्र भांडला नाही. "बरं झालं गा, चाललं नं गाणं," एवढंच म्हणाला आणि तालमीला यायचा बंद झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

या वर्षी सहा गाण्यांचा अल्बम निघाला, 'टाकीत पाणी नाही'. त्यातली चार गाणी धर्मेंद्रच्या जुन्या वहीतली. अश्विनने फोन करून विचारलं. धर्मेंद्र म्हणाला, "घे नं. मले काय विचारतं? गीतकार तं तू आहेस."

हे वाक्य अश्विनच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कव्हरवर धर्मेंद्रचं नाव छापलं असतं. पण छापलं की लोक विचारणार, मग पहिलं गाणं कोणाचं? मग शाल कोणाची? म्हणून अश्विनने शहाणपणा सोडून अक्कल लावली. नाव छापायचं नाही, लपवायचं. मोठमोठे बँड लपवतात, कूलरने काय घोडं मारलंय?

धर्मेंद्रच्या घरी माग आहे. त्याचे वडील शालिकरामजी अजूनही करवती काठ विणतात, करवतीच्या दातांसारखा, लाल. त्यांच्या घरची एक खूण आहे. काठात अकरा दात पूर्ण, बारावा दात अर्धा. पुन्हा अकरा पूर्ण, बारावा अर्धा. पाहणाऱ्याला वाटावं चूक झाली. अश्विन एकदा त्यांच्याकडे जेवायला गेला होता तेव्हा काकाजींनी डोळे मिटून, दहा घरच्या कापडांवरून बोट फिरवून "हे आपलं" म्हणून दाखवलं होतं. 

तर कव्हरचं चित्र असं: गच्ची, गच्चीवर कूलर, कूलरवर कावळा, मागे दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड, आणि त्या कापडाचा लाल करवती काठ चित्राच्या खालच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत. अठ्ठेचाळीस दात. प्रत्येक बारावा अर्धा. ज्याला कळायचं त्याला कळेल. अश्विन इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या हाताने चहा केला.

छपाई प्रताप नगरच्या ताराचंद भाऊकडे. अल्बमची शंभर पुठ्ठ्याची पाकिटं आणि एक मोठा बॅनर. ताराचंद भाऊ पंचवीस वर्षं वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक करून राहिले. पुढाऱ्यांच्या गालांवरचे खड्डे, वांग, देवीचे व्रण, सगळं पुसून देतात. त्यांच्या दुकानातून डाग असलेला माणूस बाहेर पडत नाही.

"तुमचे पोरांचे डिझाइन वाकडेतिकडे रायते," ते म्हणाले. "थोडंसं साफसूफ करून देतो."

"द्या भाऊ," अश्विन म्हणाला. तो त्या वेळी फोनवर होता. हे वाक्य लक्षात ठेवा. अश्विनने ठेवलं नाही.

पाकिटं आली. अश्विनने कावळा पाहिला, स्वतःचं नाव पाहिलं, खूश झाला. काठाकडे कोण पाहतं? काठ तर त्यानेच काढला होता. त्याच दिवशी एक पाकीट कुरिअरने उमरेडला रवाना केलं आणि आता फोन येईल म्हणून वाट पाहत बसला. फोन आला नाही. अश्विनने त्याचा अर्थ 'गडी गहिवरला असेल' असा लावला.

बॅनर चौकात लावायला परवानगी लागते. महापालिकेच्या खिडकीवर रामाजी बाबू होते. त्यांनी चित्र टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट ठेवलं.

"टाकीत पाणी नाही. कोणाच्या?"

"कोणाच्याच नाही सर. कूलरच्या."

"कूलरच्या टाकीत नाही म्हणजे नळाले नाही. नळाले नाही म्हणजे कोणावर आलं?"

"सर, अल्बमचं नाव आहे ते. गाण्यांच्या."

"अन् हा कावळा?"

"कावळा आहे."

"तो दिसून राहिला मले. कोणाचा आहे?"

अश्विनने आयुष्यभर अनोळखी लोकांच्या कव्हरांवरचे पक्षी मोजले होते, पण 'कोणाचा' हा प्रश्न त्याला कधी सुचला नव्हता. तो गप्प बसला. गप्प बसणं म्हणजे कबुली, हे त्या खिडकीचं शास्त्र. रामाजी बाबूंनी कागद परत सरकवला. "तुमच्या कॉलनीची हरकत नाही असं पत्र आणा. मग पाहू."

कॉलनीचं पत्र द्यायचं विश्वनाथ काकांनी. काका सेक्रेटरी. चौतीस वर्षं दस्त नोंदणीत काढली, लोकांची खरेदीखतं वाचून वाचून त्यांना साध्या वाक्यात साधं काही असतं यावर विश्वासच उरलेला नाही. शिवाय अल्बमचा कार्यक्रम ज्या समाजभवनात करायचा त्याची किल्लीही त्यांच्याचकडे. त्यांनी चित्र पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"हा माझा कूलर आहे."

"काका, कूलर सगळ्यांचे सारखेच असतात."

"माझ्या कूलरचं पाणी खाली सुहासिनीच्या वाळवणावर गळतं म्हणून तिने तीन वर्षांपासून तक्रार लावली आहे. तू कूलर काढलास. खाली कापड वाळतंय. आणि वर कावळा बसवलास. मी काळा आहे म्हणून ना?"

अश्विन शपथेवर सांगायला तयार होता की काकांचा रंग त्याच्या डोक्यातही नव्हता. आता मात्र कावळ्याच्या मानेत काकांसारखा बाक त्यालाही दिसू लागला.

काकांनी 'विचारविनिमयासाठी' सभा बोलावली. या कॉलनीत रस्ता फुटला तेव्हा सभेला पाच माणसं होती. कावळ्यासाठी एकतीस आली. पाकीट हातोहात फिरलं. एकाने कावळ्याची पिसं मोजली, नऊ भरली, नऊ नंबरच्या प्लॉटवाल्याने जागच्या जागी उभं राहून खुलासा केला. दुसऱ्याने कूलरची जाळी उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली. पाकिटाच्या मागे गाणी ऐकायला फोनने स्कॅन करायचा चौकोन होता, त्यावर बोट ठेवून एक गृहस्थ ओरडले, "कोड नाही म्हणतो, हा काय मग? कोडच आहे नं हा!" बरोबर होतं. तो कोडच होता. अश्विनला वाटलं उठून भिंतीवर डोकं आपटावं.

सुहासिनी काकू निवृत्त संगीत शिक्षिका. त्यांनी गाणं उलटं वाजवायचं ॲप स्वतः उतरवून घेतलं होतं आणि तिसरं गाणं सगळ्यांना ऐकवलं.

"ऐका. माझी सासू बोलते आहे. 'मीठ कमी आहे' म्हणते. हुबेहूब तोच सूर."

"काकू, उलटं वाजवलं तर काहीही ऐकू येतं!"

"तेवीस वर्षं सरळ ऐकलं आहे मी, अश्विन. मला शिकवू नकोस."

राग येतो तो इथे. अजून येतो. हसणं नाही, सांगतोय ते नीट ऐका. एकतीस माणसं, दोन तास, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे प्रत्येकाला स्वतःचं सापडलं. कोणाला कूलर, कोणाला प्लॉट, कोणाला सासू. अल्बममधलं एक गाणं कोणी सरळ ऐकलं नाही. 'बाबूजीच्या मागाला सुटी नसते' ही ओळ काय आहे, कोणी लिहिली असेल, एकानेही विचारलं नाही. आणि त्या काठावर एका माणसाचं बोट गेलं नाही. अश्विनला एकीकडे सुटल्यासारखं वाटत होतं आणि दुसरीकडे अपमान झाल्यासारखं. एवढी मेहनत करून लपवावं आणि कोणी शोधूही नये!

शेवटी काकांनी तोडगा काढला. शंभराच्या स्टँप पेपरवर हमीपत्र. मजकूर ते सांगणार, अश्विन लिहिणार, दोन साक्षीदार.

"लिही. मी, अश्विन, वय सत्तावीस, धंदा..."

"धंदा काय लिहू काका?"

"गीतकार लिही. शाल मिळाली आहे ना तुला?"

अश्विनचा पेन थांबला. प्रेमिलाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मान ताठ करून. त्याने लिहिलं, गीतकार.

"लिहून देतो की सदर चित्रात कोणताही छुपा संदेश, खूण, निशाणी अथवा सांकेतिक चिन्ह नाही. तसेच सदर सर्व गीते माझी स्वतःची असून त्यांची जबाबदारी सर्वस्वी माझ्यावर राहील."

"काका, हे शेवटचं राहू द्या ना."

"का? तुझी नाहीत?"

एकतीस माना वळल्या. इथे अश्विनला पहिली कानाखाली. कारण 'नाहीत' हा तीन अक्षरांचा शब्द होता, तोंडात आला होता, आणि आईची ताठ मान पाहून त्याने तो गिळला. काठात आहे ना लिहिलेलं, त्याने स्वतःला समजावलं. ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि सही ठोकली.

काकांनी हमीपत्राचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. ते एकवेळ ठीक. पण सरकारी कागदावर 'गीतकार' पाहून प्रेमिलाबाईंना भरून आलं आणि त्यांनी तो फोटो आपल्या फोनमधल्या एकूण एक नंबरांना पाठवला. त्यात उमरेडची पंचफुला काकूही होती. म्हणजे धर्मेंद्रची आई.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला. समाजभवनात प्लास्टिकच्या साठ खुर्च्या, तेवीस भरलेल्या, त्यातल्या अर्ध्या पुढचा कोड शोधायला आलेल्या. बॅनरला एकदाची परवानगी मिळाली होती, तो भवनाच्या दाराबाहेरच चौकात लावला होता. अश्विन केबल जोडत होता तेवढ्यात ड्रमवरच्या केयूरने खुणावलं. बॅनरखाली धर्मेंद्र उभा. एसटीने आलेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कुरिअरचं ते पाकीट.

अश्विन धावतच बाहेर गेला. "धर्म्या! आला तू! दिसलं नं तुले?"

"दिसलं."

"मले माहीत होतं, तुलेच दिसन!"

"काय दिसलं सांगू?" धर्मेंद्रचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नाही. "आमच्या घरचा काठ घेतला तू. घेतला तं घेतला. पण त्याच्यातली खूण पुसून टाकली. अन् वरतून शंभराच्या कागदावर लिहून देल्लं का खूण नाही म्हणून. गाणे बी तुझेच म्हणून. एवढं पक्कं काम तं चोर बी नाही करत बे."

"पुसली? अरे पागल झाला का? खूणच तं टाकली मी! बारावा दात पाय नं!"

"मोज."

अश्विनने बॅनरवर मोजायला सुरुवात केली. बोटभर एकेक दात. नऊ, दहा, अकरा. बारावा पूर्ण. त्याला वाटलं चुकलं. चोवीस, पूर्ण. उजवीकडून मोजलं. पूर्ण. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, नव्या कवळीसारखे झकपक, एका उंचीचे. त्याने धर्मेंद्रच्या हातातलं पाकीट हिसकावलं. तिथेही तेच.

त्याने ताराचंद भाऊंना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"भाऊ, तो काठ... त्याच्यात काही दात अर्धे होते नं?"

"हाव, चार होते," ताराचंद भाऊ आनंदाने म्हणाले. "तुमच्या हातून सुटले असन. मी भरून देल्ले. त्याचे पैसे नाही लावले, टेन्शन नका घेऊ."

फोन बंद झाला. आतून माईकची शिट्टी ऐकू आली. एवढ्या मोठ्या कॉलनीत, एवढ्या चित्रात, एकच खरा संदेश होता आणि तो गालावरचा डाग म्हणून साफ झाला होता.

"पाय, आता तं पटलं नं?" अश्विन जवळजवळ रडकुंडीला आला. "मी टाकला होता. खरंच टाकला होता."

धर्मेंद्र भवनाच्या पायरीवर बसला. "पटलं. अन् समजा अर्धा दात असता, तं काय झालं असतं?"

"तुले समजलं असतं."

"मले तं माहीतच आहे नं, गाणे कोणाचे आहे! मले काहून सांगून राहिला? आमचे बाबूजी खूण काहून टाकते माहीत आहे का तुले? घरच्यांसाठी नाही टाकत. घरचे तं अंधारात बी ओळखते. व्यापाऱ्याकडं दहा घरचे गठ्ठे मिसळते, तिथं सांगाले टाकते, हे शालिकरामचं आहे. बाहेरच्यांले समजावं म्हणून टाकते. अन् तू बाहेरच्यांपासून लपवली. तुले खूण समजलीच नाही गा."

अश्विनला आजवर कोणी एवढं नीट, एवढ्या थोडक्यात मारलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे, त्याला राग आला. धर्मेंद्रचा नाही, काकांचा नाही, ताराचंद भाऊंचा तर अजिबात नाही. ज्याला दोन वर्षं राग यायला हवा होता त्याचाच आला. त्या रागाच्या भरात तो आत गेला, केयूरच्या हातातला माईक ओढला आणि भडाभडा बोलला.

"यातली चार गाणी माझी नाहीत. धर्मेंद्र शालिकराम धकाते याची आहेत. 'काट्यावरचा ट्रक' पण त्याचंच. शाल त्याची. मी खोटं लिहून दिलं. संपलं."

तेवीस खुर्च्या करकरल्या. मग विश्वनाथ काका सुहासिनी काकूंकडे झुकले. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"हा धर्मेंद्र म्हणजे कोण असावा?"

"प्रतीक आहे," काकू कुजबुजल्या. "शालसुद्धा."

"काका, तो दारात उभा आहे!" अश्विन किंचाळला. माईक चालूच होता.

सगळे वळले. धर्मेंद्रकडे पाहिलं. मग पुन्हा अश्विनकडे. काकांनी सावकाश मान हलवली, समजलं अशा अर्थाने, आणि खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं.

प्रेमिलाबाई उठल्या. बाहेर गेल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर परत आल्या, शाल घेऊन, पॉलिथिनसकट. ती त्यांनी दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या धर्मेंद्रच्या मांडीवर ठेवली.

"घे रे बाबा. घडी नाही मोडली मी."

"असू द्या नं काकू," धर्मेंद्र म्हणाला.

"ठेव म्हणते नं." अश्विनकडे त्यांनी पाहिलं नाही. नंतर आठ दिवस पाहिलं नाही. वरणात मीठ आहे की नाही हेही अश्विनने स्वतःच शोधायचं.

कार्यक्रम संपल्यावर तो धर्मेंद्रला बसपर्यंत सोडायला गेला. गाडी अजून लागायची होती. धर्मेंद्रने शाल बगलेत धरली होती, जशी पेपराची गुंडाळी धरतात.

"लोकायनं तं तुझं ऐकलंच नाही बे," तो म्हणाला. "तुझा तो काका मले विचारत होता, तुझं खरं नाव काय म्हणून."

"माहीत आहे."

"मंग?"

"मंग लिहून काढतो. सगळं. रकाना, शाल, हमीपत्र, ताराचंद भाऊ, सगळं."

"तुझ्या त्या कोडात?"

"नाही बे. सरळ मराठीत. अन् नवीन पाकिटं छापतो. समोरच्या बाजूनं, कावळ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. गीतकार, दोन टिंबं, धर्मेंद्र शालिकराम धकाते."

उमरेडची गाडी आली. धर्मेंद्र पायरीवर चढला आणि वळला. "अन् ताराचंद भाऊनं साफसूफ केली तं?"

"छापून आल्यावर मी स्वतः मोजीन," अश्विन म्हणाला. "दात बी, अन् तुझ्या नावाचे अक्षरं बी. एक जरी कमी भरलं, तं सगळे शंभर पुठ्ठे घेऊन पुढच्या गाडीनं उमरेडले येतो, अन् काकाजीच्या मागाजवळ बसून हातानं लिहून देतो."